अंगावर नक्की कोण काढतंय?

कुणाचा आतड्याचा कॅन्सर थेट चौथ्या स्टेजला सापडला की आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं, "अंगावर काढलं हो त्यांनी." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण त्या एका वाक्यात निकाल लागलेला असतो, उशीर पेशंटनं केला, विषय संपला. मला हे वाक्य पटेनासं झालंय आणि त्याला कारण आहेत नकाशे. कारण अंगावर काढणं हा जर माणसाचा स्वभाव असेल तर तो सगळीकडे थोडाफार सारखाच सापडायला हवा ना, प्रत्येक गावात चार घाबरट, चार निष्काळजी, चार लगेच डॉक्टरकडे धावणारे. पण उशिरा सापडलेल्या केसेस नकाशावर टाकल्या की त्या अशा सारख्या पसरत नाहीत, त्या ठराविक पट्ट्यांत गोळा होतात. एखाद्या अख्ख्या नदीखोऱ्यातले लोक निष्काळजी आणि शेजारच्या राज्यातले सगळे जागरूक, असं कसं असेल?

आधी आजाराबद्दल थोडं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा एका छोट्या गाठीपासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, कधी जास्तही. इतकी मोठी मुदत देणारे कॅन्सर फार कमी. त्या दहा वर्षांत कुणी दुर्बीण घालून बघितलं तर पॉलिप तिथल्या तिथे काढता येतो आणि कॅन्सर होतच नाही. झाला आणि आतड्यापुरताच असताना सापडला तर अमेरिकेतल्या आकड्यांनुसार पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे, लिव्हर-फुफ्फुसात पसरल्यावर सापडला तर तेच १५ टक्क्यांच्या आसपास येतं. आजार तोच, औषधं तीच, फरक फक्त कधी सापडला याचा. आणि जगात वर्षाला साधारण १९ लाख नवीन केसेस आणि ९ लाखांवर मृत्यू आहेत, म्हणजे हा काही कोपऱ्यातला आजार नाही.

शिवाय हा आजार गुपचूप असतो. उजव्या बाजूचं आतडं रुंद, तिथं मल पातळ, त्यामुळे गाठ बरीच मोठी होईपर्यंत काही अडतच नाही, रक्त जातं पण डोळ्यांना दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं आणि माणूस म्हणतो वय झालं, दम लागायचाच. डाव्या बाजूला रक्त दिसतं, पण ते दिसलं की पहिला शब्द मूळव्याध. त्यामुळे लक्षण दिसल्यावर जा हा सल्ला चुकीचा नाही पण अपुरा आहे, लक्षण दिसेपर्यंत बऱ्याच वेळा गाडी निघून गेलेली असते. खरी मदार लक्षण नसताना केलेल्या तपासणीवर, स्क्रीनिंगवर आहे, आणि स्क्रीनिंग ही एकट्या माणसानं ठरवायची गोष्ट नाही, ती कुणीतरी तुमच्यापर्यंत आणावी लागते. इथंच नकाशा रंगायला लागतो.

अमेरिकेचं उदाहरण घेतो कारण तिथं काउंटीनिहाय, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या छोट्या भागांनुसार, नोंदी आहेत. २०१५ साली एक अभ्यास आला होता, त्यात आतड्याच्या कॅन्सरच्या मृत्यूंचे तीन गडद पट्टे दाखवले होते. मिसिसिपी नदीच्या खालच्या डेल्टातल्या ९४ काउंटी, ॲपलेशियाच्या डोंगराळ भागाच्या मध्य-पश्चिमेच्या १०७, आणि पूर्व व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलिनातल्या ३७. डेल्टात मृत्यूदर या पट्ट्यांबाहेरच्या अमेरिकेपेक्षा ४० टक्के जास्त. पण मला त्या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच डेल्टा उरलेल्या देशापेक्षा बरा होता! तेव्हा जास्त मृत्यू ईशान्येकडच्या श्रीमंत, शहरी राज्यांत होते. म्हणजे चाळीस वर्षांत नकाशा उलटा झाला. माणसांचा स्वभाव उलटा झाला का? नाही. मधल्या काळात कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून मोठं आतडं तपासणं आलं, चांगली सर्जरी, चांगली केमोथेरपी आली आणि ती ज्यांच्याकडे आधी पोचली त्यांचा आकडा खाली गेला, ज्यांच्याकडे पोचली नाही ते होते तिथंच राहिले. लठ्ठपणा, सिगारेट वगैरेचा वाटाही आहेच, तो मी नाकारत नाही, पण तो मुख्यतः कॅन्सर किती जणांना होतो यावर बोलतो. झालेला कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडला की चौथ्या, हे सिगारेट कशी ठरवेल?

आता जरा जवळून बघू, कारण "तपासणी उपलब्ध आहे" या तीन शब्दांत फार काही लपतं.

पहिली पायरी सोपी आहे. फिट नावाची टेस्ट असते, एक बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, तिच्या झाकणाला काडी, काडीला खाचा. शौचाच्या पृष्ठभागावर ती काडी दोनचार ठिकाणी फिरवायची, परत नळीत खुपसायची, कट्ट आवाज येईपर्यंत दाबायची, तारीख लिहायची, पाकिटात घालून पोस्टात टाकायची. न दिसणारं रक्त असेल तर लॅबमध्ये कळतं. याच्या आधीच्या टेस्टमध्ये तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने, प्रत्येकाचे दोन दोन ठिपके, पुठ्ठ्याच्या कार्डावर लावायला लागायचे, ते कार्ड तोपर्यंत घरात कुठं ठेवायचं हाही प्रश्नच. इंग्लंडमध्ये २०१४ ला फिट पायलट म्हणून वापरून बघितली तर टेस्ट करून पाठवणाऱ्यांचं प्रमाण ५९ वरून ६६ टक्क्यांवर गेलं. लोकांचं प्रबोधन केलं नव्हतं हो, फक्त सहा ठिपक्यांच्या जागी एकच नमुना केला होता. मला हा आकडा फार आवडतो.

दुसरी पायरी मात्र बघा. टेस्टमध्ये रक्त सापडलं की कोलोनोस्कोपी करायलाच लागते, नाहीतर पहिली टेस्ट केल्याचा काही उपयोग नाही. आता समजा तुम्ही एकटे राहता, वय ६१, रोजंदारीवरचं काम आणि दुर्बीण जिथं आहे ते हॉस्पिटल गाडीनं दोन तास लांब. आदल्या दिवशी घन काही खायचं नाही, म्हणजे काम होणार नाही, एक दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी ते पोट साफ करायचं पाणी प्यायचं, लिटरभर, परत लिटरभर, आणि उरलेलं पहाटे चार-पाचला उठून, कारण अपॉइंटमेंट सकाळची. मग अशा पोटानं दोन तास गाडीत बसायचं! वाटेत संडास कुठं आहे याचा विचार करत. तिथं गुंगीचं इंजेक्शन देतात त्यामुळे परत येताना गाडी चालवायची नाही, सोबत ओळखीचं मोठं माणूस पाहिजे, बऱ्याच ठिकाणी एकट्याला टॅक्सीनंही सोडत नाहीत. म्हणजे अजून एकाची मजुरी गेली. असं माणूस नसेल तर अपॉइंटमेंट कॅन्सल, आणि रेकॉर्डवर काय लागतं, तर "पेशंट आला नाही". आणि दोन वर्षांनी तोच माणूस आतडं बंद पडून इमर्जन्सीत आला की आपण म्हणायला मोकळे, अंगावर काढलं.

अलास्कात तर दोन तासांचा रस्ताही नाही, कित्येक मूळनिवासी गावांना रस्ताच नाही, विमानानंच जायचं. तिथल्या मूळनिवासींमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे. त्यांच्या आरोग्य संघटनेनं तपासणी ४० व्या वर्षापासूनच सांगितली आणि लोकांना समजावायला आत चालत जाता येईल एवढं मोठं हवेनं फुगवायचं आतडं बनवलं, नाव नोलन. गंमत वाटते, पण मला त्यातली समज दिसते. लोक येत नाहीत म्हणून रुसून न बसता आतडंच घेऊन गेले त्यांच्याकडे.

आणि बिल! अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर स्क्रीनिंग विम्यात फुकट झालं, सगळीकडे त्याचं कौतुक झालं. पण फिट टेस्ट फुकट आणि ती पॉझिटिव्ह आली की पुढची कोलोनोस्कोपी बऱ्याच विमा कंपन्या "निदानासाठीची" धरायच्या, म्हणजे खिशातून पैसे. थोडक्यात, तुम्हाला धोका नाही तोपर्यंत सगळं मोफत, धोका दिसला की मीटर सुरू. ही भोकं बुजवायला केंद्राच्या सूचना यायला २०२२ उजाडलं, ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, २०२३. त्या मेडिकेअरमध्ये तर अजून एक मजा होती, स्क्रीनिंग म्हणून झोपलात, आत पॉलिप सापडला, डॉक्टरनं तो काढला, की उठेपर्यंत तपासणीचा प्रकार बदललेला आणि बिल लागलेलं. त्यावरचा कायदा २०२० च्या शेवटी झाला तोही टप्प्याटप्प्यानं २०३० पर्यंत पूर्ण लागू होणार. ज्यांना विमाच नाही त्यांचं तर बोलायलाच नको, गरिबांचा मेडिकेड विमा वाढवायचा की नाही हे राज्यांवर सोडलं होतं, ॲपलेशियातल्या केंटकीनं २०१४ ला वाढवला, मिसिसिपीनं वाढवलाच नाही. डेल्टाचा मोठा भाग मिसिसिपीतच आहे हे वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणेल हे अमेरिकेचं रडगाणं, जिथं सरकारी आरोग्यसेवा आहे तिथं असं नसेल. असतं ना. इंग्लंडच्या उत्तर टोकाला कार्लाइल आणि सीमेपलीकडे स्कॉटलंडचं ग्रेटना, अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. स्कॉटलंडनं २००७ पासून स्क्रीनिंग सुरू केलं ते ५० व्या वर्षापासून, इंग्लंडनं बरीच वर्षं ६० पासून. म्हणजे २०१५ साली ५३ वर्षांच्या ग्रेटनातल्या बाईला दर दोन वर्षांनी घरपोच किट, आणि कार्लाइलमधल्या तिच्या ५३ वर्षांच्या बहिणीला सात वर्षं थांब. इंग्लंडनं वय खाली आणायला २०२१ ला सुरुवात केली. आणि फिट आल्यावरसुद्धा, शौचाच्या दर ग्रॅममागे किती रक्त सापडलं की पॉझिटिव्ह म्हणायचं तो आकडा स्कॉटलंडनं ८० मायक्रोग्रॅम ठेवला, इंग्लंडनं १२०. तेव्हा नमुन्यात १०० निघालं तर एकीला दुर्बिणीचं बोलावणं, दुसरीला "सगळं ठीक आहे, दोन वर्षांनी भेटू". आता सांगा, यात अंगावर कुणी काढलं?

हा आकडा कसा ठरतो ते नेदरलँड्सनं फार प्रामाणिकपणे दाखवलं. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी कार्यक्रम सुरू केला तेव्हा मर्यादा १५ ठेवली होती. अपेक्षेपेक्षा जास्त लोकांनी टेस्ट केली, अपेक्षेपेक्षा जास्त पॉझिटिव्ह निघाले, कोलोनोस्कोपीची रांग झेपेना, मग त्याच वर्षी मर्यादा ४७ केली. रक्त तेच, माणूस तोच, पण जानेवारीत पॉझिटिव्ह असलेला वर्षाच्या शेवटी निगेटिव्ह. मी याला फसवणूक म्हणत नाही, रांगेत सहा महिने लटकण्यापेक्षा ज्यांना जास्त धोका त्यांना आधी बघणं शहाणपणाचंच आहे. पण मग पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हा शब्द शरीराबद्दल जेवढं सांगतो तेवढंच दुर्बिणी किती आणि त्या चालवणारे डॉक्टर-नर्स किती याबद्दलही सांगतो, हे तरी मान्य करावं.

आता जरा आकडेमोड, कंटाळा करू नका. या विषयात बातम्या बहुतेक "अमुक टक्के पेशंट उशिरा सापडतात" अशा येतात आणि ही टक्केवारी दोन्ही बाजूंनी फसवते. समजा एका भागात लाख लोकांत ६० कॅन्सर, त्यातले १५ पुढच्या स्टेजचे, झाले २५ टक्के. पुढं दहा वर्षं चांगलं स्क्रीनिंग झालं, पॉलिप वेळेवर निघाले, कॅन्सर ४० वर आले, उशिराचे १०. टक्के किती? परत २५! पेपरवाला लिहिणार, दहा वर्षांत काही सुधारणा नाही, आणि खरं बघितलं तर उशिराच्या केसेस एक तृतीयांशानं घटल्यात. उलटंही होतं, स्क्रीनिंगच्या पहिल्या वर्षी लपलेले लवकरच्या स्टेजचे ढीगभर सापडतात, त्यामुळे उशिराची टक्केवारी एकदम खाली येते आणि मंत्री फोटो काढून घेतात, पण उशिराचे पेशंट अजून तेवढेच असतात. म्हणून विचारायचं ते असं, लाखामागे उशिराचे किती आणि मृत्यू किती. जगण्याची वर्षंही एकटी बघू नयेत, निदान लवकर करून घड्याळ आधी सुरू केलं तर मृत्यू ठरल्या वेळीच आला तरी वर्षं जास्तच भरतात. आणि छोट्या काउंटीत एका वर्षी तीन केसेस पुढच्या वर्षी एक, एवढ्यानं नकाशा लालचा पिवळा होतो, तिथं पाच-दहा वर्षांचे आकडे एकत्र केल्याशिवाय बोलूच नये.

मग करता काय येतं? डेलावेअर बघा. एवढंसं राज्य, काउंटी तीनच. २००० नंतरच्या दशकात त्यांनी जाहिरातींवर न थांबता पूर्ण साखळी जोडली. विमा नसलेल्यांना तपासणी फुकट, कॅन्सर निघालाच तर दोन वर्षांपर्यंतचा उपचार राज्याच्या खर्चानं, आणि हॉस्पिटलांत नर्स नेमल्या ज्यांचं काम एकच, माणूस शोधायचा, फोन करायचा, तारीख घ्यायची, येण्याजाण्याचं बघायचं, न आल्यास परत फोन. २००१ मध्ये कृष्णवर्णीयांत तपासणी झालेले ४८ टक्के, गोऱ्यांत ५८. २००९ ला दोन्हीकडे ७४. कृष्णवर्णीयांत कॅन्सर आतड्याबाहेर पसरल्यावर सापडण्याचं प्रमाण ७९ वरून ४० टक्क्यांवर आलं. आत्ताच टक्केवारीवर विश्वास ठेवू नका म्हणालो आणि स्वतःच टक्केवारी देतोय, म्हणून मृत्यूही सांगतो, त्यांच्यातले मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले आणि गोऱ्यांच्या जवळपास पोचले. आठ-नऊ वर्षांत. लोक तेच होते, त्यांची "जागरूकता" एका दशकात अचानक फुलली असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

डेलावेअर छोटं आहे हा आक्षेप खरा आहे, मिसिसिपीत ८२ काउंटी आहेत. पण उत्तर कॅलिफोर्नियात कैझर पर्मनेंटे या विमा आणि हॉस्पिटलं दोन्ही चालवणाऱ्या संस्थेनं लाखो सभासदांना दर वर्षी पोस्टानं फिट पाठवायला सुरुवात केली आणि तपासणीचं प्रमाण २००० ते २०१५ मध्ये ३९ वरून ८३ टक्क्यांवर गेलं, मृत्यू निम्म्यावर आले. म्हणजे मोठ्या प्रमाणावरही जमतं, फक्त पत्ता, पोस्ट, लॅब आणि दुर्बीण एकाच हातात असावी लागतात. विखुरलेल्या व्यवस्थेत या चार गोष्टी चार जणांच्या आणि मधल्या फटीतून माणूस पडतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांमध्ये दहा वर्षांत कॅन्सर फक्त १८ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूंत ठोस फरक नाही. लगेच हेडलाइन, कोलोनोस्कोपी निरुपयोगी. पण बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष आलेच ४२ टक्के! तो आकडा दुर्बिणीचा कमी आणि बोलावण्याचा जास्त आहे. आमंत्रणपत्रिका पाठवली म्हणजे पंगत उठली असं होत नाही. शिवाय पॉलिपला दहा वर्षं लागतात तर मृत्यूंतला फरक दहाव्या वर्षी पूर्ण दिसावा ही अपेक्षाच जरा घाईची आहे. मात्र एक मान्य करतो, प्रत्येकाला थेट कोलोनोस्कोपी हा हट्ट मलाही पटत नाही. जिथं दुर्बिणी मोजक्या तिथं आधी फिट आणि पॉझिटिव्हवाल्यांना महिन्याभरात दुर्बीण, हेच परवडेल.

पन्नाशीच्या आतल्यांचं प्रकरण अजून वेगळं आहे, त्यांच्यात हा कॅन्सर वाढतोय आणि स्क्रीनिंगच्या वयात बसत नसल्यानं ते उशिराच सापडतात. अमेरिकेनं २०२१ ला वय ४५ केलं. चॅडविक बोसमन हा नट २०२० मध्ये ४३ व्या वर्षी गेला, निदान झालं तेव्हाच तिसरी स्टेज होती. त्याच्याकडे पैसा होता, डॉक्टर होते, पण त्या वयाला तपासणीचा नियमच नव्हता. म्हणजे नकाशा फक्त जमिनीचा नसतो, वयाचाही असतो.

मला एक नकाशा बघायचाय जो कुणी फारसा छापत नाही. फिट पॉझिटिव्ह आल्यापासून कोलोनोस्कोपी होईपर्यंत किती दिवस गेले, काउंटीनिहाय. ज्यांची झालीच नाही त्यांचा रंग वेगळा, आणि त्यांच्या नावापुढे "पेशंट आला नाही" एवढं लिहून चालणार नाही, गाडी नव्हती, सोबत माणूस नव्हतं, बिलाची भीती होती की तारीखच पाच महिन्यांनंतरची दिली होती, तेही लिहायचं. चौथ्या स्टेजच्या लाल नकाशाशेजारी तो ठेवा, मग बोलू अंगावर काढण्याबद्दल.